सुईणीची साक्ष

४ जून १६२७ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाची भावजय वारली. मारी द बुर्बाँ तिचं नाव. सहा दिवसांपूर्वीच ती बाळंत झाली होती. मुलगी झाली होती आणि मुलीची तब्येत चांगली होती. दुसऱ्याच दिवशी दरबारच्या वैद्यांनी आणि शल्यविशारदांनी प्रेत उघडून पाहिलं आणि अहवाल लिहिला. त्यात कुणाचं नाव घेऊन दोष दिलेला नव्हता. गर्भाशयाला वारेचा एक लहान तुकडा चिकटलेला आढळला, एवढी नोंद मात्र होती. दरबारात तेवढी पुरते. वार पुरती पडली की नाही हे पाहणं सुईणीचं काम, आणि सुईण होती लुईज बुर्ज्वा.

बुर्ज्वा काही कुठल्या तरी गल्लीतली अनामिक बाई नव्हती. जन्म १५६३चा. नवरा शल्यविशारद, आणि तोही आंब्रुआज पारे या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शल्यविशारदाच्या हाताखाली तयार झालेला. पॅरिसच्या वेढ्यात घरदार उद्ध्वस्त झालं तेव्हा तिनं भरतकाम विकून मुलं जगवली. मग पारेची पुस्तकं वाचून ती सुईणपणाकडे वळली. पहिलं बाळंतपण केलं ते एका हमालाच्या बायकोचं. १५९८मध्ये परवान्याची परीक्षा झाली. समोर एक वैद्य, दोन शल्यविशारद आणि दोन सुईणी. त्यांतल्या द्युप्वी नावाच्या वजनदार सुईणीनं विरोध केला, कारण शल्यविशारदाची बायको म्हणजे वैद्यांशी हातमिळवणी करणार, आपल्या पोटावर पाय येणार! तरीही परवाना मिळाला आणि तीनच वर्षांत राणी मारी द मेदिचीनं द्युप्वीला बाजूला सारून हिला निवडलं. २७ सप्टेंबर १६०१ रोजी फोंतेनब्लोच्या राजवाड्यात जे मूल तिच्या हातांत आलं, तेच पुढे तेरावा लुई म्हणून गादीवर बसलं. म्हणजे १६२७मध्ये ज्या राजाच्या भावजयीच्या मृत्यूचं बालंट तिच्यावर आलं, तो राजाच तिच्या हातून जन्मलेला होता.

ती गप्प बसली नाही. काही दिवसांतच तिनं आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर गर्भाशय कसं दिसतं, वार कुठे आणि कशी सुटते, हे अहवालावर सह्या करणाऱ्यांना ठाऊकच नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते नुसतं कांगावखोर म्हणणं नव्हतं. तोवर तिच्या नावावर १६०९मध्ये निघालेलं, सुईणीनं स्वतः लिहिलेलं फ्रेंचमधलं पहिलं छापील पुस्तक होतं, आणि तीस वर्षांचा हातचा अनुभव होता. उत्तर आलं ते निनावी. ते राजाचा वैद्य शार्ल गिल्मोचं समजलं जातं. त्याचा सूर असा, की या बाईनं उरलेलं आयुष्य तोंड मिटून घालवलेलं बरं. पोटातल्या अवयवांचं जे वर्णन त्या अहवालात आहे, ते आज आपण ज्याला बाळंतज्वर म्हणतो त्याच्याशी जुळतं. तो कशानं होतो हे त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, सुईणीलाही नाही आणि वैद्यांनाही नाही. पण अज्ञान दोन्हीकडे सारखं असताना दोष एकाच बाजूला जमा झाला.

या प्रकरणात बुर्ज्वा चुकली की नाही, हा प्रश्न मला फारसा खेचत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपात सुईण ही कितीतरी बाबतींत अधिकृत साक्षीदार होती. तिच्या शब्दावर माणसं फासावर गेली आणि फासावरून उतरलीही. मग तिच्या स्वतःच्या कामाबद्दल, म्हणजे बाळंतिणीच्या पोटात नेमकं काय चाललं होतं याबद्दल, तिची साक्ष कुणालाच का नको होती?

इंग्लंडचं उदाहरण घेऊ. तिथे सुईणीला परवाना द्यायचा तो बिशप. शपथ घ्यावी लागे, आणि त्या शपथेची कलमं वाचली की हे पद कशासाठी होतं ते कळतं. श्रीमंतासारखीच गरिबालाही मदत करीन. जादूटोणा, मंत्रतंत्र करणार नाही. मुलाच्या खऱ्या बापाऐवजी दुसऱ्याचं नाव बाईला घेऊ देणार नाही. दुसऱ्या बाईचं मूल आणून हिचं म्हणून ठेवू देणार नाही. मूल मरतंय असं दिसलं तर साध्या पाण्यानं, ठरलेल्या शब्दांत बाप्तिस्मा देईन. मेलेलं मूल गुपचूप पुरू देणार नाही. यात वार कशी पाडायची, आडवं मूल कसं फिरवायचं, रक्त थांबत नसेल तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. परवाना तिच्या चारित्र्याला होता. हातचं काम कुठून शिकायचं याची सोय तिची तिनं करायची. लंडनच्या सुईणी ती करतही होत्या. अनुभवी सुईणीच्या हाताखाली त्या वर्षानुवर्षं उमेदवारी करत, आणि ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका बिशपपुढे येऊन त्यांच्यासाठी बोलत. पण ही शाळा कुणी शाळा म्हणून मोजली नाही.

बापाच्या नावाचं कलम तर अंगावर काटा आणणारं आहे. अविवाहित बाईला कळा सुरू झाल्या की ऐन वेदनेत सुईणीनं विचारायचं, कुणाचं मूल? नाव सांगेपर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत कित्येक ठिकाणी होती. कळांमध्ये बाई खोटं बोलत नाही असा समज, आणि बाप सापडला नाही तर पोराचा खर्च गावावर पडेल ही खरी धास्ती. फ्रान्समध्ये १५५६च्या राजाज्ञेनं गर्भार राहिलेल्या अविवाहितेनं तशी वर्दी देणं बंधनकारक केलं. इंग्लंडमध्ये १६२४च्या कायद्यानं असं ठरवलं, की अनौरस मुलाचा मृत्यू आईनं लपवला तर तो खून समजायचा. मूल मेलेलंच जन्मलं हे सिद्ध करायचं ते आईनं, साक्षीदार आणून. हा कायदा १८०३पर्यंत टिकला. मूल पोटात किती महिन्यांचं होतं, ते श्वास घेऊन मेलं की आधीच मेलेलं होतं, हे सांगायला कोर्ट सुईणीला बोलावी. फाशीची शिक्षा झालेल्या बाईनं आपण गर्भार असल्याचं सांगितलं, तर बायकांची पंचायत तिला तपासून निर्णय देई आणि फाशी पुढे ढकलली जाई. याच न्यायव्यवस्थेला सुईणीचा हात आणि डोळा प्रमाण होता. (पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवेला बापाचं नाव विचारायचं नाही हेच त्यातलं मोठं धाडस होतं, हे या शपथेशेजारी ठेवलं की अधिक कळतं.)

इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला सारली पाहिजे. १९७०च्या दशकापासून असं सांगितलं जातं, की सुईणी म्हणजे लोकविद्येच्या जाणत्या बायका, आणि चर्चनं व वैद्यांनी मिळून त्यांना चेटकिणी ठरवून जाळून टाकलं. ही गोष्ट ऐकायला भारी आहे. १४८६च्या सुमाराच्या चेटूकविरोधी कुप्रसिद्ध लॅटिन ग्रंथात सुईणींवर आगपाखड आहे, हे खरं. दिलिंगनची परवानाधारक सुईण वाल्पुर्गा हाउसमेनिन १५८७मध्ये जाळली गेली, हेही खरं. पण खटल्यांची दप्तरं चाळणाऱ्या इतिहासकारांना आरोपींत सुईणी फार थोड्या सापडतात. उलट, आरोपी बाईचं अंग तपासायला न्यायालयानं बोलावलेल्या बायकांत त्या सापडतात. म्हणजे सुईण बहुतेकदा या यंत्रणेच्या अलीकडच्या बाजूला उभी होती. तिला बळी म्हणून रंगवणं सोपं आहे, पण त्यात तिचं खरं दुखणं हरवतं. तिला सहसा कुणी जाळलं नाही. तिचा उपयोग करून घेतला आणि तिचं ज्ञान तेवढं वगळलं.

आणि सगळ्याच सुईणी जाणत्या होत्या असंही नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा एका सुईणीनंच दिलेला आहे. युस्टिना सीगमुंड ही सायलीशियातल्या पाद्र्याची मुलगी. जन्म १६३६चा. लग्नानंतर दीडदोन वर्षांत सुईणींनी तिला सांगितलं की दिवस गेलेत. मग सांगितलं की कळा सुरू झाल्या. दिवसामागून दिवस तिला बाळंतपणाला बसवलं. मूल नव्हतंच. दुखणं अंग बाहेर येण्याचं होतं. मरता मरता वाचल्यावर ही बाई मिळतील ती पुस्तकं वाचायला लागली, आणि १६५९च्या सुमारास एका अडलेल्या बाळंतिणीकडे, हात बाहेर आलेल्या आडव्या मुलासाठी, तिला बोलावणं आलं, कारण पुस्तकात काय आहे ते तिला ठाऊक होतं. ते बाळंतपण तिनं पार पाडलं. मग बारा वर्षं खेडोपाडी कुळंबिणींची बाळंतपणं केली. १६७०मध्ये ती लिग्नित्स शहराची सुईण झाली आणि १६८३मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरनं तिला बर्लिनच्या दरबारात नेलं. तिला स्वतःला मूल कधी झालंच नाही. 'बाळंत न झालेली बाई बाळंतपण काय जाणणार?' हा टोमणा तिला जन्मभर ऐकावा लागला. आश्चर्य असं, की तोच टोमणा पुरुष वैद्यांना कुणी मारत नव्हतं.

तिचं १६९०चं पुस्तक मी त्या शतकातलं महत्त्वाचं वैद्यकीय पुस्तक मानतो, आणि तेही त्याच्या मांडणीमुळे. युस्टिना आणि क्रिस्टिना या दोन सुईणींचा तो संवाद आहे. क्रिस्टिना विचारते, युस्टिना सांगते. मग क्रिस्टिनानं तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्यात पोटातल्या मुलाच्या वेगवेगळ्या आडव्यातिडव्या ठेवणीची कोरीव चित्रं आहेत. मूल खांद्यानं अडलं तर एका हातानं पायाला फीत अडकवून ओढायचं आणि दुसऱ्या हातानं मुलाला वर ढकलून फिरवायचं, ही तिची युक्ती प्रसूतिशास्त्रात तिच्या नावानं राहिली. वार खाली येऊन आधी रक्त वाहू लागलं तर पाणमोट फोडायची, हा उपायही तिनं लिहिला आहे. आणि गंमत म्हणजे, लिग्नित्समध्ये असताना मार्टिन केर्गर नावाच्या वैद्यानं तिच्यावर बाळंतपणात धसमुसळेपणा करते असा आरोप केला होता. प्रकरण फ्रांकफुर्ट-ऑन-ओडरच्या विद्यापीठाकडे गेलं आणि तिथल्या वैद्यक शाखेनं तिची बाजू घेतली. बुर्ज्वाला हे भाग्य लाभलं नाही. फरक कुठे पडला? माझ्या मते तो व्यक्तींत नव्हता. बुर्ज्वाच्या बाबतीत आरोप करणारे आणि निकाल देणारे एकच होते. सीगमुंडला तिसरा कुणी तरी मिळाला, ज्याच्यापुढे तिला आपलं काम समजावून सांगता आलं.

त्याच काळात फ्रीझलँडमधल्या डोक्कुम गावी काटारिना स्ख्राडर नावाची एक विधवा सुईण वही लिहीत होती. नवरा शल्यविशारद होता, तो १६९२मध्ये सहा मुलं मागे ठेवून गेला. १६९३च्या जानेवारीत बर्फावरून घसरगाडीनं ती पहिल्या बाळंतपणाला गेली, आणि १७४५पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी उलटून गेल्यावरही, लिहीतच राहिली. तीन हजारांवर बाळंतपणं. अवघड असेल तिथे कसं फिरवलं, किती वेळ लागला, आई वाचली का, मूल वाचलं का, किती पैसे मिळाले, आणि शेवटी देवाचे आभार. इतिहासकारांनी ही वही मोजली तेव्हा त्यातले मातामृत्यू हजारी दहाच्या आत भरले. इंग्लंडच्या नोंदींवरून त्या काळचं सर्वसाधारण प्रमाण हजारी दहाच्या आसपास काढलं जातं, आणि हिच्याकडे तर दुसऱ्यांच्या हातून बिघडलेल्या केसेस येत. वही तिच्या हयातीत छापली गेली नाही. तो तिचा खाजगी हिशेब होता.

वहीच्या उलट टोकाला एक पेटी आहे. विल्यम चेंबर्लेन हा प्रॉटेस्टंट शल्यविशारद १५६९मध्ये फ्रान्समधून इंग्लंडला पळून आला. त्याच्या घराण्यात मुलाचं डोकं धरून बाहेर काढायचा चिमटा तयार झाला, आणि तो घराण्यानं शंभर वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवला. अडलेलं मूल तोवर बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांनी, मेलेलं काढावं लागे. चिमट्यानं ते जिवंत निघू शकत होतं. म्हणजे हे नुसतं व्यापारी गुपित नव्हतं. १६७०मध्ये ह्यू चेंबर्लेन ते विकायला पॅरिसला गेला. फ्रांस्वा मोरिसो या तिथल्या नामांकित प्रसूतिवैद्यानं त्याला मुडदुसानं कमरेचं हाड वाकलेली, अडलेली एक बाई दिली. तीन तास झटापट झाली. मूल निघालं नाही आणि बाई दगावली. सौदा फिसकटला. ह्यूनं मोरिसोचं पुस्तक तेवढं इंग्रजीत आणलं आणि प्रस्तावनेत निर्लज्जपणे लिहिलं, की आमच्याकडे याहून बरा उपाय आहे, पण माझे वडील आणि भाऊ त्यावर पोट भरतात, तेव्हा तो सांगता येत नाही. ते चिमटे १८१३मध्ये एसेक्समधल्या वुडम मॉर्टिमर हॉलच्या फळ्यांखाली सापडले.

याच घराण्यातल्या तिसऱ्या पीटर चेंबर्लेननं १६३४मध्ये लंडनच्या सुईणींची संघटना बांधून त्यांना शिकवायची योजना मांडली होती. मुख्य अर्थातच तो. सुईणींनी त्याविरुद्ध अर्ज केला. त्यांचं म्हणणं असं, की याला बाळंतपणाचा अनुभव पुस्तकी आहे, आणि हा येतो तोच मुळी हाताबाहेर गेलेल्या बाळंतपणाला, हत्यारं घेऊन. सरळ बाळंतपण कसं होतं हे त्यानं पाहिलेलंच नाही. या अर्जात एक महत्त्वाची गोष्ट आहे. सुईणी शिक्षणाला नाही म्हणत नव्हत्या. अठरा वर्षांपूर्वी, १६१६मध्ये, त्यांनीच संघटनेची मागणी केली होती आणि तेव्हा वैद्यांच्या महाविद्यालयानं ती फेटाळली होती. १६८७मध्ये एलिझाबेथ सेलिये या सुईणीनं दुसऱ्या जेम्स राजाकडे सुईणींच्या महाविद्यालयाची योजना दिली. पुढच्या वर्षी राजाच गेला आणि योजनाही गेली. अडाणी म्हणून हिणवायचं, आणि शाळा मागितली की द्यायची नाही. हा खेळ तीनशे वर्षं चालला.

अठराव्या शतकात चिमटा उघड झाला आणि पुरुष प्रसूतिवैद्यांचं पेव फुटलं. इथेही मी सरळ 'पुरुषांनी धंदा बळकावला' म्हणायला तयार नाही. बऱ्या घरच्या बायकांनीच त्यांना बोलावलं. त्यांत फॅशन होती, पण अडलं तर मूल जिवंत निघेल ही रास्त आशाही होती. विल्यम स्मेली हा लंडनचा शिक्षक चिमटा फार जपून वापरावा असं शिकवत असे. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात शिकलेली एलिझाबेथ निहेल हिनं १७६०मध्ये त्याच्यावर तुटून पडणारं पुस्तक लिहिलं: सगळं घाईसाठी आणि फीसाठी चाललं आहे, असं तिचं म्हणणं. ती थोडी अन्यायानं लिहिते. पण तिनं विचारलेला प्रश्न रास्त होता. अवजार ज्याच्या हातात, त्याला ते वापरायची खाज सुटते, मग त्याची किती गरज होती हे ठरवणार कोण?

मुलांचं काय? सुईणीचं काम नाळ कापून संपत नसे, पण मुलाच्या वाट्याला पुढे जे येई, त्याकडे बघितलं की आईपेक्षा मूल किती स्वस्त होतं ते कळतं. वरच्या वर्गात अंगावर पाजणं कमीपणाचं होतं. लिंकनच्या काउंटेसनं, एलिझाबेथ क्लिंटननं, १६२२मध्ये छोटं पुस्तक लिहून इतर बायकांना कळवळून सांगितलं की स्वतःच्या मुलांना स्वतः पाजा. तिला अठरा मुलं झाली होती आणि तिनं एकालाही पाजलं नव्हतं. पाजणं थांबलं की पुढचे दिवस लवकर जातात, हेही त्या अठरांतून दिसतं. पॅरिसचा पोलीसप्रमुख लन्वार यानं १७८०मध्ये हिशेब दिला तो असा: वर्षाला सुमारे २१,००० मुलं जन्मतात. हजारेक आईच्या दुधावर, हजारेक घरी ठेवलेल्या दूधआईकडे, बाकी सगळी गावाबाहेर दूधआयांकडे रवाना. त्या दूधआया तरी कोण? पैशासाठी स्वतःचं मूल बाजूला ठेवून दुसऱ्याचं पाजणाऱ्या गरीब बायका. चिकाचं दूध अशुद्ध म्हणून टाकून द्यायची रीत तिथेही होती. विल्यम कॅडोगननं १७४८मध्ये आईचं दूध, आणि तेही लवकर, मुलांना द्या, घट्ट बाळुत्यात त्यांना आवळू नका, असं लिहिलं, तेव्हा बायकांच्या खुळ्या समजुतींना त्यानं यथेच्छ झोडपलं. सल्ला बरोबर होता. पण सव्वाशे वर्षांपूर्वी काउंटेसनं हेच सांगितलं होतं हे त्याच्या वाचकांना कुणी सांगितलं नाही.

मग आली प्रसूतिगृहं. लंडन, डब्लिन, पॅरिस, व्हिएन्ना. गरीब बाईला निवारा, विद्यार्थ्यांना शिकायला देह. आणि बाळंतज्वराचा वणवा. ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डननं १७९५मध्ये एका साथीचा तक्ता छापला. ७७ बाळंतिणी, आणि प्रत्येकीपुढे बाळंतपण करणाऱ्याचं नाव. रोग हवेतून येत नाही, विशिष्ट सुईणी आणि वैद्य तो घेऊन फिरतात, हे त्यातून लख्ख दिसलं. त्या यादीत त्यानं स्वतःलाही धरलं. सुईणींची नावं छापली म्हणून गाव उलटलं आणि तो आरमारात परत गेला. व्हिएन्नात १८४६मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी मेल्या. सुईणी शिकत असलेल्या शेजारच्या विभागात तीनहूनही कमी. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरनं त्यातून शवविच्छेदनाच्या हातांपर्यंतचा माग काढला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं वेगळं काही दिसतं. ज्यांच्या हातांवर संशय घ्यायची शेकडो वर्षं सवय होती, त्यांचेच हात या वेळी स्वच्छ निघाले. पुस्तकं लिहिणारे, परवाने देणारे आणि अहवालांवर सह्या करणारे मारत होते, न कळत.

दुसरी वाट होती, आणि ती कुणी चालून दाखवली नाही असं नाही. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रेनं १७५९मध्ये पंधराव्या लुईकडून परवाना घेतला आणि पुढची वीसहून अधिक वर्षं ती गावोगाव हिंडत खेड्यातल्या बायकांना शिकवत राहिली. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. तिनं कापड, चामडं, कापूस भरून बाईच्या कमरेचा पुतळा बनवला, आत हाडं, सोबत बाहुलं. अडाणी हातांना आडवं मूल फिरवायचा सराव त्यावर होई. तिनं स्वतः पाचेक हजार बायका तयार केल्या असं मानतात. त्यांतला एक पुतळा रूआँच्या वैद्यक संग्रहालयात आहे. मात्र तिच्या मागून गावोगावी तिच्याच शिष्यांना शिकवायची जबाबदारी शल्यविशारदांकडे गेली.

स्वीडननं ही गोष्ट अर्धवट सोडली नाही. १७४९पासून तिथे पाद्र्यांकडून देशभराची मृत्युगणना सुरू झाली. १७५१मध्ये आरोग्य आयोगानं आकडे पाहून सांगितलं: बाळंतपणात ज्या ६५१ बायका मेल्या, त्यांतल्या निदान ४०० पुरेशा सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. एका सरकारनं, आकड्यांच्या आधारानं, सुईण नसणं हे मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं! तोवर सगळीकडे सुईण असणं हे कारण समजलं जात होतं. मग गावोगावी प्रशिक्षित सुईणी नेमायचं धोरण आलं, आणि १८२९मध्ये त्यांना अडलेल्या बाळंतपणात चिमटा वापरायचीही परवानगी मिळाली, अर्थात तसं शिकल्यावरच. त्यांनी नोंदी ठेवायच्या आणि वर पाठवायच्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथलं मातामृत्यूचं प्रमाण अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारे चौथाईवर आलं होतं, तेही शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविक औषधं सर्वदूर पोचण्याआधीच. त्यातली शेवटची घसरण जंतुनाशकाचे नियम आल्यावर झाली, आणि तीही सुईणींच्याच हातून.

आपल्याकडे जे आलं ते स्वीडनचं नव्हे, लंडनचं. एकोणिसाव्या शतकातली मिशनऱ्यांची आणि डॉक्टरांची दाईविषयीची भाषा वाचा. अस्वच्छ, हट्टी, खुनशी, अंधश्रद्ध. ओळखीची वाटते, कारण ती शंभर वर्षांपूर्वीच लंडनच्या प्रसूतिवैद्यांनी आपल्याच देशातल्या सुईणींसाठी घडवून ठेवली होती. त्यातलं सगळं खोटं नव्हतं. घाणेरड्या विळ्यानं नाळ कापून होणारा धनुर्वात हा काही साहेबाच्या कल्पनेतला रोग नव्हता. १८८५चा डफरिन फंड, १९०३चा दाई-प्रशिक्षणाचा व्हिक्टोरिया निधी यांनी कामही केलं. पण दाईला शिकवायचं म्हणजे तिचं सगळं पुसून टाकायचं, असाच त्यातला रोख होता. आनंदीबाई जोशींनी १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. अमेरिकेतल्या परीक्षकांपुढे तिनं आपल्याकडे बाळंतपणाचं काही शास्त्र होतं असं मांडावं, यात मला तिच्या वयाच्या मानानं विलक्षण करारीपणा दिसतो. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं मूल दहाच दिवस जगलं होतं.

नव्वदच्या दशकात गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि प्रत्येक जन्माची नोंद ठेवली. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. सुई हातात देणं हा त्यातला अर्धा भाग. नोंदवही हातात देणं हा दुसरा अर्धा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा.

२०१८मध्ये केंद्र सरकारनं नर्सना दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफ तयार करायचं ठरवलं. अभ्यासक्रम किती पानांचा आहे, वर्ग किती तासांचे आहेत, हे मला गौण वाटतं. त्यात मी आधी शोधीन ते दोन मुद्दे: कोणतं औषध आणि कोणतं अवजार ती कुणाची सही न घेता वापरू शकेल, आणि तिच्या हाताखाली बाळंतीण दगावली तर चौकशीच्या टेबलाशी तिची खुर्ची कोणत्या बाजूला असेल.